हॅनाचं पत्र आणि अमीनची सही

कलम चार आत्ताच खोडलं आहे. खोडल्याशेजारी माझी सही आहे, तेव्हा कुणी शंका घेऊ नये. का खोडलं ते त्याच जागी लिहितो.

मी, भिकाजी रामा घवाळी, वय ६८, मूळ दापोली तालुक्यातला, राहणार अझैबा, मस्कत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही. दबाव कुणाचा नाही. मुलगी पूर्वा आत मासे तळते आहे आणि तिला इकडे यायला मी मनाई केली आहे.

एक. गावच्या घरातला माझा हिस्सा पुतण्या धनेशला. त्याच्या वडिलांनी माझी शिडी नेली ती परत केली नाही. शिडीही धनेशचीच. ती माझी होती एवढं त्याला ठाऊक असावं.

दोन. बँकेत असेल ते आणि नकाशे काढण्याची माझी पेनं पूर्वाला.

तीन. जुनी पत्रं. अमेरिका देश नवा होता तेव्हाची, हाताने लिहिलेली, सगळी मेलेल्यांच्या मालमत्तेबद्दल: कुणाला गाय, कुणाला पलंग. बावीस वर्षं लिलावांतून जमवली. पूर्वाने ती ठेवावीत किंवा विकावीत. मात्र तीन पत्रांत गुरांच्या यादीतच गुलाम माणसांची नावं आहेत. ती विकायची नाहीत. ज्या गावांची आहेत तिथल्या ग्रंथालयांना द्यावीत. कुणीतरी ती नावं शोधत असेल.

चार. (खोडलं.) इथे हॅना नावाच्या विधवेचं १८०९ सालचं पत्र माझा जुना दोस्त अमीन सोलकर याला दिलं होतं. ती दिराला लिहिते: घर तुम्ही ठेवा, मला किटली आणि खिडकीजवळची जागा पुरे. माझं सर्वांत लाडकं पत्र. अमीनच्या इथल्या कुरुम भागातल्या टायपिंगच्या दुकानात मी ते झेरॉक्सला दिलं. इथे आपण दाखले, करारनामे, सगळंच लॅमिनेट करून ठेवतो. त्यानेही प्रेमाने केलं. "भिकूभाय, आता पाण्यात टाकलंस तरी काय होणार नाय." प्लास्टिक काढावं तर कागद फाटतो. मी त्याला गिऱ्हाइकांसमोर गाढव म्हणालो आणि सहा वर्षं त्या दुकानाची पायरी चढलो नाही. चूक त्याची होती. सहा वर्षं माझी.

उद्या तो कायमचा रत्नागिरीला चालला आहे. म्हणून साक्षीला बोलावलं. वाचताना पत्र त्याला ठेवलंय हे त्याला कळावं, हा माझा डाव. पण शेजारच्या रेवा कामत पूर्वी वकिलांकडे कामाला होत्या. त्या म्हणाल्या, "साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही देऊ नये, पुढे वाद होतात. अमीनभाई, तुम्ही पत्र घ्या. साक्षीदार दुसरा बघू."

"पेन दे इकडे," अमीन मला म्हणाला. "पत्रासाठी तुझ्या मरणाची वाट बघत बसू काय?"

"गाढवा."

"हां. आता बरं वाटलं."

म्हणून खोडलं.

पाच. काही राहिलं असेल तर पूर्वाने ठरवावं. तिला माझ्यापेक्षा अक्कल आहे.

सही: भिकाजी रामा घवाळी

त्यांनी आमच्यादेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत.
साक्षीदार: १. रेवा कामत २. अमीन हसन सोलकर

अझैबा, मस्कत. १४ नोव्हेंबर २०२४

१५ नोव्हेंबर. सकाळी सहाला विमानतळावर हॅनाचं पत्र अमीनला दिलं. प्लास्टिकमुळे त्याची घडी होईना. ते हातात धरूनच तो आत गेला.