वरून घातलेलं पाणी

आई, तुझं ते जांभळं फूल मी मारलं नव्हतं. तुला जाऊन बावीस वर्षं झाली, आता हे सांगून काय उपयोग, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आबा फौजेतून सुट्टीवर मलकापूरला आले, तेव्हा साहेबाच्या बंगल्यातल्या आफ्रिकन व्हायोलेटचं एकच पान ओल्या रुमालात गुंडाळून घेऊन आले होते. "ह्या पानातनं झाड हुतंय," असं ते म्हणाले आणि तू "आवं, कायतरीच काय!" म्हणून हसलीस. तरी डालड्याच्या डब्यात माती भरून ते पान स्वयंपाकघराच्या खिडकीत लावलंस, चमच्याचमच्यानं पाणी दिलंस. आबा परत गेले आणि पानाच्या बुडातून उंदराच्या कानाएवढी पानं फुटली. फूल यायला वर्ष गेलं. मग गल्लीतली एकही बाई ते बघितल्याशिवाय सुटली नाही. आबांविषयी तू चारचौघांत कधी बोलायची नाहीस, त्या फुलाविषयी मात्र बोलत सुटायचीस.

मी चौदा वर्षांची, चार दिवस बाहेर बसलेली आहे. तू नळावर गेलीस तशी मी हळूच आत येते आणि त्या लवदार पानावरून बोट फिरवते, एकदाच. आठवड्याच्या आत झाड मधोमध मऊ पडलं.

"शिवलीस न्हवं?"

"न्हाई गं आई."

"मग कुजलं कशानं? तुझ्या बाला आता काय तोंड दाखवू मी?"

तू मला मारलं नाहीस. दोन दिवस बोलली नाहीस एवढंच, पण त्यापेक्षा मार परवडला असता. शिवले होते हे मी तुला कधीच सांगितलं नाही. आणि ते माझ्याच बोटानं गेलं असं मला पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिलं, चांगली शिकून नोकरीला लागले तरी.

इथं सांगलीत घर घेतल्यावर मी हौसेनं तसलीच एक कुंडी आणली. पंधरा दिवसांत तीही मधोमध मऊ. तावातावानं नर्सरीत भांडायला गेले, तर तिथला म्हातारा माझ्याकडं बघतच राहिला. "वरनं पाणी घालतायसा व्हय? आवं ताई, ती काय तुळस हाय? बशीत पाणी ठेवा, खालनं पितीया ती. मधी पाणी साचलं की कुजतीया."

आई, मी तिथंच एका उलट्या कुंडीवर बसले. फूल आल्यापासून तू चमचा सोडून दिला होतास. आंघोळ झाली की तांब्यातलं निम्मं पाणी तुळशीला आणि निम्मं त्या डब्यात, थेट मधोमध, वर हात जोडून. सांगलीत मीही तेच करत होते, कुणी न शिकवता. खापर माझ्या बोटावर, आणि झाड गेलं तुझ्या भक्तीनं! तुझा राग आला, हसूही आलं. मग वाटलं, तू असतीस तर तुला त्या म्हाताऱ्यासमोर उभं केलं असतं, आणि तू त्यालाच चार गोष्टी सुनावल्या असत्यास.

आता माझ्या पूर्वेच्या खिडकीत अकरा कुंड्या आहेत. जांभळ्या, गुलाबी, एक पांढरी, शेजारी दोन बेगोनिया. प्रत्येकीखाली बशी. कोवळं ऊन येतं, दुपारी पडदा ओढते. बघायला आलेल्या बायकांना मी ठासून सांगते की झाड पाण्यानं कुजतं, बाईच्या हातानं नाही.

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. माझी लेक त्या चार दिवसांतही कुंड्यांना बिनधास्त हात लावते, पिकलेली पानं खुडते, बशा भरते. मी तिला अवाक्षर बोलत नाही. पण ती कामावर गेली, की एकेका झाडाच्या मधोमध बोट लावून बघते, मऊ तर पडलं नाही ना.