पेटीतली चित्रं भिंतीवर

सर, तुमची चित्रं मी भिंतीवर लावली आहेत. कुपवाडला ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात मी काम करते, तिथल्या जेवणाच्या खोलीत. पत्र्याचं छप्पर, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, मधे लांब बाकडी आणि समोरच्या भिंतीवर तुमची चित्रं. दुपारी डबे उघडले की खरड्याचा वास त्यांच्यापर्यंत जातो. खिडकीतून उजेड येतो. बायका अगदी जवळ जाऊन बघतात, काचेवर बोट ठेवून एकमेकींना दाखवतात. तुम्ही असता तर तुमच्या कपाळाची शीर तटतटली असती, हे मला माहीत आहे. म्हणून आधीच सांगून टाकते. मागाहून कुणाकडून तरी कळावं, असं मी काही केलेलं नाही.

तुम्हाला मी आठवणार नाही. शिराळ्याच्या शाळेत तुमच्या हाताखालून किती पोरं गेली असतील. मला मात्र तो चित्रकलेचा तास आठवतो. टेबलावर तांब्या ठेवलाय, त्याला टेकून दोन वांगी, आणि समोर बसून आम्ही ते काढायचंय. तुम्ही हात पाठीशी बांधून बाकांमधून फिरताय. माझ्यापाशी येऊन थांबता. माझा तांब्या एका अंगाला कललेला, वांगी बटाट्यासारखी. तुम्ही माझा कागद उचलता, सगळ्या वर्गाला दाखवता आणि म्हणता, "हिच्या हातात चित्र न्हाई. उगं रंग वाया घालवतीया." वर्ग हसतो. माझ्या पुढ्यातली शाळेची रंगपेटी उचलून तुम्ही शेजारच्या मुलीला देता. तुम्ही खोटं बोलला नव्हतात, सर. माझ्या हातात चित्र नव्हतंच, आजही नाही. पण हात नाही म्हणजे डोळाही नाही, असं तुम्ही धरून चाललात, आणि त्या वयात तुमचं म्हणणं मीही खरं मानलं. वर्षभर तुमच्या तासाला मी खिडकीबाहेर बघत बसले.

दुसरी आठवण तुमच्या घरची. आमच्या म्हशीचं दूध तुमच्याकडं जायचं, ते घालायला मी आलेली. तुमच्या घरी सांगलीचे कुणी पाहुणे आले होते. तुम्ही लोखंडी पेटी उघडून पांढऱ्या धोतरात गुंडाळलेला एक जाड गठ्ठा काढला होता. सुटी मोठी पानं, लाकडी ठशांवरून हातानं छापलेली चित्रं. नदीचा घाट, पाण्यात उतरलेली बैलं, कंदिलाजवळ बसलेली एक बाई. नुसता काळा रंग आणि कागदाचा पांढरा, पण बाईच्या गालावरचा उजेड खराच वाटत होता. मी दुधाची किटली हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. कधी पुढं सरकले ते माझं मलाच कळलं नाही.

"हात लावायचा न्हाई!" तुम्ही ओरडलात. "ही काय वाण्याकडची कॅलिंडरं हायत व्हय? चित्रकारानं मोजक्या प्रती काढल्या आणि ठसे फोडून टाकले. पुन्हा व्हायचं न्हाई हे."

तुमच्या बायकोनं चुलीपासूनच सांगितलं, "आवं, लांबनं तर बघू द्या पोरीला. तुमी भिंतीला लावत न्हाई, आमाला दावत न्हाई, मग घेतली कशापाय?"

"आपल्या भिंती असल्या चित्रांच्या न्हाईत. धूर, ऊन, ओल. असल्या वस्तूंना तसली घरं लागत्यात. तसली माणसं लागत्यात." असं म्हणून तुम्ही पानं पुन्हा धोतरात गुंडाळलीत. काकींनी मला चहा दिला, गरम होता, तोंड भाजलं तरी मी गटागटा प्यायले आणि निघाले. रस्त्यानं चालताना ती कंदिलाजवळची बाई माझ्याबरोबर होती. तिला माझं घर चाललं असतं की नाही, हे तुम्ही तिला कुठं विचारलं होतं?

पुढं लग्न होऊन मी कुपवाडला आले. नवऱ्याचा टेम्पो आहे. दोन खोल्या भाड्याच्या होत्या. मी खोक्यांच्या कारखान्यात चिकटवण्याच्या कामाला लागले, मग तपासणीला. एकदा सांगलीत पुस्तकांचं प्रदर्शन होतं, तिथं मागच्या टेबलावर एक पुस्तक दिसलं. पातळसं, हातानं शिवलेलं, प्रत्येक पानावर ठशाचं चित्र. शेवटच्या पानावर पेन्सिलनं प्रतीचा क्रमांक आणि चित्रकाराची सही. मी ते पान बघून तशीच उभी राहिले. विकणाऱ्या बाईंनी विचारलं, "घेणार का? पाठ दुमडलीय, म्हणून बाजूला ठेवलंय. थोडे थोडे करून दिलेत तरी चालतील." मी पुस्तक हातात घेतलं, सर. हात धुतलेले नव्हते. त्यांनी काही ओरडून सांगितलं नाही.

घरी आल्यावर नवऱ्यानं उलटसुलट करून बघितलं. "ह्यात अक्षरं तर न्हाईतच. वाचायचं काय?"

"वाचायचं न्हाई. बघायचं."

"मग जत्रंत जाऊन बघ की फुकट." हसला, पण पुस्तक ठेवताना आधी टेबल पुसलं त्यानं. ते मी बघितलं.

तेव्हापासून माझा हा नाद सुरू आहे. पाडव्याला बाकीच्या बायका गुंजभर सोनं घेतात, मी पुस्तक घेते. नवी कोरी प्रत मला परवडत नाही, म्हणून कोपरा मुडपलेली, वेष्टन फाटलेली, प्रकाशकाकडं परत आलेली शोधते. मोजक्या प्रतींची पुस्तकं काढणारी वेडी माणसं असतात, त्यांच्याकडं आधी नाव नोंदवून ठेवलं की स्वस्तात मिळतं, तेही शिकले. नणंद म्हणते, "दागिना मोडता तरी येतो, पुस्तक मोडून काय मिळणार?" मी म्हणते, मोडायचं नाही म्हणूनच घेतलंय.

पुस्तकांबरोबर कधी सुटी चित्रंही मिळायची, पण ती लावायची म्हणजे आणखी एक भानगड होती. घरमालकानं बजावलं होतं, भिंतीला खिळा मारायचा नाही. मी एका खिडकीच्या गजापासून दुसऱ्या खिडकीच्या गजापर्यंत तार ओढली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चित्रं टांगली. मालक भाडं न्यायला आला, तारेकडं बघितलं, म्हणाला, "हे काय, चित्रं वाळत घातली काय?" म्हटलं, "व्हय. खिळा न्हाई मारलेला." पुढं नवऱ्यानंच मनावर घेतलं. जुनी घरं पाडतात तिथून तो टेम्पोत सागवानी खिडक्यांच्या चौकटी आणायला लागला. काचवाल्याकडं कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. तुकडा जेवढा, तेवढी चौकट करून घ्यायची. पहिल्या चित्रामागं मी आमच्या कारखान्यातला टाकाऊ पुठ्ठा घातला आणि दोन पावसाळ्यांत चित्राच्या कडा तपकिरी झाल्या. खूप रडले तेव्हा. मग एका चौकटवाल्यानं सांगितलं, पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरतं, मधे चांगला सुती कागद घाल. तेव्हापासून घालते. चुकत चुकत शिकले, सर. तुम्हाला ठाऊक असणारच हे सगळं. पण तुम्ही चित्र कधी टांगलंच नाहीत, त्यामुळं तुमची चूकही कधी झाली नाही.

तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं. काकी तुमच्या आधीच गेल्या होत्या. त्यानंतरही बरीच वर्षं गेली आणि परवाच्या उन्हाळ्यात तुमच्या मुलीचा फोन आला. शिराळ्याचं घर विकायचं होतं. मी असली पुस्तकं जमवते हे तिला कुणाकडून तरी समजलं होतं. "बाबांची एक पेटी आहे. बघून जाता का? नाहीतर रद्दीत जाईल." आम्ही टेम्पो घेऊन गेलो. तीच पेटी. झाकण गंजून बसलेलं, नवऱ्यानं पान्हा घालून उचकटलं. तेच पांढरं धोतर, आता पिवळं पडलेलं. मी ते उलगडलं आणि आतून भुगा सांडला.

कसर लागली होती. खालची पानं ओलीनं एकमेकांना चिकटून दगड झाली होती. घाट निम्मा खाल्लेला. बैलांच्या जागी जाळी. कंदिलाजवळची बाई वेगळी करायला गेले, तर तिचा चेहरा वरच्या पानाच्या पाठीला चिकटून निघून आला. मधली थोडी पानं कशीबशी धड होती.

तुमची मुलगी माझ्या शेजारी फरशीवर बसली होती. ती म्हणाली, "बाबांनी कधी हात लावू दिला नाही. मलासुद्धा नाही. मी आज पहिल्यांदा बघतेय ही."

तेव्हा मला तुमचा जो राग आला, तो वर्गात आला नव्हता, किटली घेऊन दारात उभी होते तेव्हाही आला नव्हता. ऊन लागलं नाही, धूर लागला नाही, पोटच्या पोरीची नजर लागली नाही, कसर तेवढी लागली. कुणाच्या घरासाठी जपत होता तुम्ही ही? तसली माणसं कोण होती? ती आली का कधी? मोजक्या प्रती काढल्या म्हणजे मोजक्याच माणसांनी बघायच्या, हे तुम्हाला कुणी सांगितलं? छापणाऱ्यानं लाकूड कोरून घामाघूम होऊन ठसा उमटवला, तो कुणीतरी बघावा म्हणूनच ना?

मी तुमच्या मुलीला सरळ सांगितलं, "द्यायची असतील तर द्या, पण मी ही पेटीत ठेवणार न्हाई. आमच्या कारखान्यात लावणार. बायका जेवायला बसतात तिथं." तिनं मांडीवरचा भुगा झटकला. मग म्हणाली, "लावा. आणि लावलीत की मला बोलवा." ती येऊन गेली. आमच्या बाकावर बसून आमच्यातलीच भाकरी खाल्ली आणि जेवण होईस्तोवर मान वर करून बघत होती.

कारखान्याचे मालक सहज तयार झाले नाहीत. "जेवणाच्या खोलीत चित्रं? उद्या झुंबर मागाल," म्हणाले. मी म्हटलं, चौकटी माझ्या, काच माझी, खिळे तेवढे तुमच्या भिंतीला. दिली परवानगी. मग एकदा पुण्याचं मोठं गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होतं. मालक म्हणाले, "ती काळी-पांढरी चित्रं काढा आजच्या दिवस. अशुभ दिसतात. देवाचा मोठा फोटो लावू."

"साहेब, देव हाय की शेजारी. त्यांचं भांडण न्हाई."

"काढा म्हटलं ना."

चिकटवायची खळ ढवळणारी आमची एक मावशी मधे पडली, "आवं, राहू द्या की. आमाला करमतं त्येनं." पण मालकांनी ऐकलं नाही. त्यांनी माणूस लावून चित्रं उतरवली. मी जिंकले असं सांगत नाही तुम्हाला. दुसऱ्या दिवशी भोंगा व्हायच्या आत आले आणि सगळी पुन्हा टांगली. मालक चहाचा कप घेऊन दारात आले, भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि कप घेऊन माघारी गेले. पुन्हा उतरवतील, तर पुन्हा लावीन.

माझी पुस्तकंही मी आता तिथं नेते, पाळीपाळीनं. हात धुऊन यायचं एवढाच नियम. त्याच मावशीनं एकदा घाईनं पान उलटलं आणि समासात तिच्या अंगठ्याचा खळीचा डाग उमटला. ती एवढी घाबरली की उठून उभी राहिली. "लय महागाचं हाय व्हय गं? माझ्या पगारातनं काप." मी तिला खाली बसवलं आणि पुढचं पान तिच्याकडूनच उलटून घेतलं. त्या प्रतीचा भाव आता पडला, असं जमवणारे लोक म्हणतील. म्हणू देत. मी ती विकणार नाही, आणि डागही पुसणार नाही.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. तुमच्या मुलीला पाठवावं असं मधेच वाटलं होतं, पण तिच्या बापाला मी जे सुनावलंय ते तिनं का वाचावं. एक गोष्ट तेवढी सांगायची राहते. तुमच्या कसरीतून वाचलेल्या पानांत एक सबंध काळं चित्र आहे. मधून एक पांढरी रेघ तिरकी जाते आणि खाली कोपऱ्यात दोन ठिपके आहेत, बाकी काही नाही. बायका सारख्या विचारतात, ह्यात काय हाय? मी एकदा सांगितलं, वारणेच्या पाण्यावरचा उजेड. दुसऱ्यांदा सांगितलं, नांगरानं शेतात पाडलेलं तास. परवा सांगितलं, विजेची तार आणि खाली जाणारी दोन माणसं. सगळ्या माना हलवतात, कारण ह्यातलं मला कळतं असं त्यांना वाटतं. मला काही कळलेलं नाही, सर. रोज जेवताना मी त्याच्यासमोर बसते आणि रोज वाटतं, हे एवढं तुम्हाला विचारायला हवं होतं.