हरलेल्याची बशी

इब्राहिमिया, अलेक्झांड्रिया
३ डिसेंबर १९९५

प्रिय नागला,

काकांचं उरलेलं आयुष्य तुला आणि बासिलला लागो. फोनवर हेच म्हणायला गेले आणि लाइन तुटली, म्हणून आधी ते लिहिते. इकडे सगळे बरे आहेत. तुझी आई थोडं का होईना, जेवते. माझी धाकटी रोज तिच्याकडे झोपायला जाते आणि सकाळी येऊन सांगते की आजी घोरते. म्हणजे झोप लागते. तू काळजी करू नकोस.

तुला विमान मिळालं नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. माणसं खूप आली. मंडप गल्लीत घातला होता, पण खुर्च्या पार ट्रामच्या रुळांपर्यंत गेल्या. बिनसाखरेची कॉफी परत परत करावी लागली. आम्ही बायका वर तुमच्या घरात होतो. आईची खुर्ची मी खिडकीशी सरकवली. खाली बघत ती म्हणाली, "हे एवढे लोक कोण गं?"

"काकांनी ज्यांना ज्यांना हरवलं ते, मावशी."

"मग अजून पुष्कळ यायचेत," ती म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

बिलियर्डचा हॉल आम्ही तीन दिवस बंद ठेवला. माझे बाबा गेले तेव्हासुद्धा हॉल सांभाळणाऱ्या आपल्या शेनूदाने इतके दिवस कुलूप घालू दिलं नव्हतं. खिडकीतल्या काकांच्या खुर्चीत कुणी बसत नाही. तिथे बसून ते सगळ्यांच्या काठ्यांच्या टोकाचं चामडं बदलून द्यायचे, आठवतं? ज्याच्याशी संध्याकाळी सामना, त्याचीही काठी दुपारी तेच नीट करून द्यायचे. हाज फरग काल म्हणाला, "मला हरवायचं ते हरवायचं, वर मीच त्यांचे आभार मानायचे. असा माणूस."

तू बासिलला वाचून दाखवायला त्यांच्या शेवटच्या डावाबद्दल विचारलंस. तो माझ्याशीच झाला, गेल्या मे महिन्यात, एका शुक्रवारी. हॉल भरलेला होता. काकांचा हात हल्ली थरथरायचा, तरी चेंडूवर वाकले की थांबायचा. मी पुढे होते. मग त्यांनी लाल चेंडू असा काही गाठला, टेबलाच्या कडेच्या दोन गाद्यांवर आपटून, कोपऱ्यातून, की सगळे उठून उभे राहिले. शेवटी ते जिंकले. गुण मोजायच्या तारांवरचे मणी शेनूदाने तेव्हापासून तसेच ठेवलेत, चाळीस आणि सदतीस. तो तिथे कुणालाही खेळू देतो, पण त्या तारांना हात लावू देत नाही.

आणि एक गंमत बासिलला सांग. शुक्रवारी डाव संपला की हरलेल्याला कलेजीची पहिली बशी, ही पद्धत त्याच्या आजोबांनीच पाडलेली. जिंकलेल्याने थांबायचं. त्या दिवशी शेनूदाने बशी माझ्यापुढे ठेवली, तर काकांनी ती ओढून घेतली आणि खायला लागले. सगळे हसले. फरग म्हणाला, "काका, जिंकलेल्याला एवढी घाई?" तर म्हणाले, "भूक लागलीय."

त्यांची काठी मी ठेवावी असं तू म्हणालीस. त्याचं सावकाश बोलू. सध्या ती आईजवळच बरी.

बासिलला गोड पापा.

तुझी,
सौसन


१४ जानेवारी १९९६

नागला,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसते आणि संत्र्यांचा भाव, पाऊस, तुमच्या जिन्यातला दिवा यांवर पान भरतं. ती पानं मी फाडली. आईची तब्येत चांगली आहे एवढंच त्यातलं खरं उपयोगाचं होतं.

तू लिहिलंस की त्या मे महिन्यात शुक्रवारच्या फोनवर तुझे बाबा तुला म्हणाले होते, "आज सौसनशी खेळलो. हरलो." तू विचारलंस, किती वाईट हरलात? तर म्हणाले, "फार." आणि मग एकदम तिकडच्या बर्फाबद्दल विचारायला लागले, मे महिन्यात. तू लिहितेस, "बाबा गुणांच्या बाबतीत कधी खोटं बोलत नसत, आणि तूही बोलणार नाहीस, मग हे काय आहे?"

ते खोटं बोलले नाहीत. मी बोलले.

त्या दुपारी ते माझ्याच काठीचं चामडं बसवत होते. हातातून सुरी दोनदा निसटली. मी पुढे झाले तर म्हणाले, "राहू दे, जमतंय." मग वर न बघताच म्हणाले, "सौसन, आज मला दहा गुण आगाऊ दे. आणि नीट खेळ."

तुला हे वाचून काय वाटेल ते मला माहीत आहे. सकाळी हॉल बंद असायचा तेव्हा ते आपल्या दोघींना टेबलाशी उभं करायचे, तू तर खोक्यावर. "नागलाला वीस आगाऊ, सौसनला पंधरा. आता मी एकही चेंडू सोडणार नाही." आणि सोडायचे नाहीत. तू रडायला लागलीस तरी नाही. "हवे तर अजून पाच घे," म्हणायचे, "पण चुकायला सांगू नकोस." साऱ्या शहराला त्यांनी असेच गुण दिले, मोठ्याने, सगळ्यांसमोर, आणि कुणालाही त्यात कमीपणा वाटला नाही.

आणि स्वतः मागायची वेळ आली तेव्हा ते माझ्याकडे मागत होते. मी हसले, नागला. त्यांच्या कपाळाचा मुका घेतला आणि म्हटलं, "तुम्हाला आगाऊ देणारा अजून जन्मायचाय."

"तू आहेस की जन्मलेली."

"लोक काय म्हणतील, काका?"

"मी तुला देत होतो तेव्हा लोक काय म्हणाले?"

"ते वेगळं."

त्यांनी चामड्यावर फुंकर मारली. "बरं. मग नीट तरी खेळ."

"खेळते," मी म्हटलं.

बाकीचं तू आता ओळखलं असशील. तो दोन गाद्यांवरचा फटका खरा होता, अगदी तसाच, जसा मी लिहिला. पण त्यानंतर ते थकले. चेंडूवर वाकल्यावरही हात थांबेना. माझ्यासमोर सोपा चेंडू आला, इतका सोपा की तू खोक्यावरून मारला असतास. तो मी केसभर बाजूने जाऊ दिला. त्यापुढचाही. पहिल्या वेळी मारण्याआधी मी चेंडूकडे बघायच्याऐवजी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. ज्यांनी मला उभं कसं राहायचं ते शिकवलं, त्यांना मी कशी चुकते ते कळणार नाही असं मला का वाटलं, देव जाणे.

टाळ्या वाजत असताना ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "हात दुखतोय का तुझा?"

"नाही, काका."

"मग बरं," म्हणाले, आणि बसले. शेनूदाने बशी माझ्यापुढे ठेवली. हरलेल्याची ती बशी त्यांनी स्वतःकडे ओढली, ते मी तुला गंमत म्हणून लिहिलं. लिहिताना माझा हात थांबला होता, तरी लिहिलं.

त्यानंतर ते हॉलवर आले नाहीत. जिना चढवत नाही म्हणाले. गुडघे खरंच दुखत होते, म्हणून मी ते मानलं. मानायला सोपं होतं. मी भेटायला जायचे, संत्री सोलून द्यायचे, ते माझ्या मुलींची चौकशी करायचे, जाताना दारापर्यंत यायचे. खेळाचा शब्द काढला नाही. मी माफी मागितली असती तर त्यांनी मला अडवलं नसतं. पण माफी मागायची म्हणजे, मी तुम्हाला जिंकू दिलं, हे तोंडाने म्हणायचं, आणि ते मला जमलं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे त्या दिवशी टाळ्या वाजत होत्या तेव्हा मला माझंच कौतुक वाटत होतं. किती समजूतदार मी. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही.

तुझं पत्र आल्यावर मी शेनूदाला सगळं सांगितलं. तो कप पुसत होता, पुसतच राहिला. मग म्हणाला, "तू एकटीच का?"

"म्हणजे?"

"वर्षभर त्यांना कुणी खरं हरवलंय? फरग नाही, मी नाही. मी तर एरवीही माझ्या खेळानेच हरतो, म्हणून मुद्दाम हरलो ते कुणाला कळलं नाही."

"काकांना?"

त्याने कप ठेवला. "आपण काय, त्यांच्यावर प्रेमच करत होतो ना, सौसन," तो म्हणाला. तो प्रश्न होता.

परवा शुक्रवारी फरग नव्या पोरांना मणी दाखवत होता, हे बघा, सत्तरी ओलांडलेल्या माणसाने शहराच्या विजेतीला हरवलं. मी स्टँडवरची कुणाची तरी काठी उचलली आणि तिच्या टोकाने दोन्ही तारांवरचे मणी मागे सरकवले. फरग ओरडलाच, "अगं, काकांचा डाव पुसतेस?"

मी म्हटलं, "हा काकांचा डाव नाही. त्यांनी माझ्याकडे दहा आगाऊ मागितले होते. मी दिले नाहीत. मुद्दाम हरले."

फरगने माझ्याकडे बघितलं, मग शेनूदाकडे. शेनूदाने मान खाली घातली. मग फरगनेही घातली. तो मोठ्या अंगाचा माणूस एकदम लहान दिसायला लागला. त्या पोरांना काही कळलं नाही, आणि आमच्यातल्या कुणी त्यांना सांगितलंही नाही.

तेवढ्यात कलेजीच्या बशा आल्या. शेनूदाने पहिली बशी हातात घेतली आणि तसाच उभा राहिला. माझ्याकडे एक पाऊल टाकलं, मग फरगकडे, मग थांबला. बशी ठेवायची कुणापुढे ते त्याला कळेना. शेवटी ती त्याने खिडकीत ठेवली, त्या खुर्चीपुढे. कलेजी गार झाली. कुणी पावालाही हात लावला नाही.

माझं पहिलं पत्र बासिलला वाचून झालं असेल, तर त्याला सांग की सौसनमावशीने एक गोष्ट चुकीची लिहिली. आजोबा शेवटचा डाव जिंकले नाहीत. हरण्याचाही त्यांचा हक्क होता, तोही आम्ही दिला नाही. बाकी सगळं खरं आहे, तो लाल चेंडू तर अगदी खरा.

काठी आईच्या कपाटामागे आहे. मी ती आणलेली नाही आणि आणणार नाही. उन्हाळ्यात बासिलला घेऊन ये. काठीची उंची त्याला जास्त होईल, त्याला खोक्यावर उभं करू. तो जितके आगाऊ मागेल तितके मी सगळ्यांसमोर मोठ्याने देईन, आणि मग एकही चेंडू सोडणार नाही. तो रडला तर तू मध्ये पडू नकोस.

तू मला उत्तर लिहिलं नाहीस तरी मी समजेन. लिहिलंस तर काही सोडू नकोस.

जिच्याकडे त्यांनी फक्त दहा मागितले होते, ती
सौसन