होडीतली मागची जागा

१० मार्च, मंगळवार

निघालो एकदाचे! आर्वीहून सेवाग्राम, तिथून रेल्वे. सुलोचना आणि धनंजय, छाया आणि तिचे मिस्टर, आणि मी. हे असते तर सहा झालो असतो. हॉटेलात सुलोचना माझ्या खोलीत, म्हणून धनंजयच्या जोडीला सहावे माणूस घेतले — धनंजयच्या ऑफिसातले प्रेमदासजी, आर्वीजवळच्या तळेगावचे. कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडातून शब्द नाही.

हे गेल्यापासून चार वर्षांत मैत्रिणींसोबत पहिल्यांदाच बाहेर पडली. हे असं मैत्रिणींसोबत जमलं तर आर्वीतच राहीन. नाहीतर पुण्याला पोराकडे, कायमची.

१२ मार्च

मालवण. दिवसभराची होडी केली. किनाऱ्याकिनाऱ्याने आरामात. एवढं पाणी! आमच्याकडे मार्चमध्ये विहिरीत वाकून पाहावं लागतं.

पण दोन्ही जोड्या पुढे बसल्या, कुजबुजत, हसत. मी मागे, प्रेमदासजींच्या बाजूला. छायाजवळ जायला उठली तर म्हणते, इथं होडी फार हलते, मागंच बस. मी काय लहान लेकरू आहे? प्रेमदासजींनी दोन तासांत एकदाच विचारलं, मळमळते काय? नाही म्हटलं. संपला विषय.

नवरा नसलेली बाई कोणालाच नको असते. रडू आलं. चष्म्यावर पाणी उडालंच होतं, कोणाला कळलं नाही.

१३ मार्च

आजही मागेच. पोराला फोन केला. जूनमध्ये तुझ्याकडे येतो म्हटलं, सामान घेऊनच.

१४ मार्च

सुलोचनाची सकाळीच फर्माइश — इथले पोहे गोड लागतात, खोबरं घालतात, तू आपले कर. हॉटेलवालीचा गॅस मागून केले, झणझणीत तर्रीचे. छायाने फोटोच्या नावाखाली साडी बदलायला लावली. प्लेटा घेऊन बाहेर आली तर चौघंही मासळी बाजार पाहायला गायब! टेबलाशी एकटे प्रेमदासजी.

माझा तोल गेला. म्हटलं, "माझ्या मैत्रिणींना मी जड झाली."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "मीराबाई, मले वाटलं तुमाले सांगितलं असन. हे पाहणं हाय. मी तुमाले पाहाले आलो."

पंचावन्न वर्षांची बाई, नवी साडी नेसून पाहुण्यासमोर पोहे घेऊन उभी! आणि ती मागची जागा त्यासाठीच ठेवत होते मेले. प्रेमदासजी बिचारे माफी मागत होते, मी ऐकायलाही थांबली नाही.

सुलोचनाला नाही नाही ते बोलली. ती रडत म्हणाली, "सांगितलं असतं तर आली असतीस?"

नसती आली. पण म्हणजे जड नव्हती झाली मी त्यांना.

१५ मार्च, रविवार

शेवटची होडी. छायाने घाबरत पुढे जागा करून दिली. मी आपणहून मागे जाऊन बसली.

प्रेमदासजी खाली पाहत म्हणाले, "सुलोचनाबाईले काय सांगू?"

म्हटलं, "सांगा, पोहे झाले. आता आमच्याकडून घर पाहाले येतो, तळेगावले."