म्याच टाकला त्याला

१२ नोव्हेंबर १९३४, कर्जत

वाक्य मिळालं! आज, भर कचेरीत.

मामलेदारांचा कारकून हिवतापानं पडलाय म्हणून जबानी लिहायला मला बसवलं. आमचे सरकारी वकील टिपणीससाहेब, ज्यांचा मी कारकून, कुरकुरले — "आपण सरकारी वकिलाकडचे. कोर्टाची जबानी आपल्या माणसानं लिहिणं बरं नव्हे." पण दुसरं होतं कोण? मामलेदार देशावरचे, त्यांना ठाकरांचं बोलणं उमगत नाही. मला उमगतं — असं मीच पुढे होऊन सांगितलं.

ठाकुरवाडीची ठमी. नवरा पोशा कड्याखाली मेलेला सापडला. सापडला तिलाच, पाटलाला सांगायला धावली तीच, आणि पोलिसांनी धरलं तेही तिलाच! मामलेदारांनी विचारलं, पोशा खाली कसा गेला? ती बोलत राहिली, मी कच्चं लिहीत राहिलो. मग साफ प्रत केली. बोलणं फार पसरट होतं, जरा आवळलं. उरलं एवढंच — "मीच टाकला त्याला."

वाचून दाखवलं. तिनं मान हलवली. अंगठा दिला. डोळ्यांत टिपूस नाही!

कथेची पहिली ओळ हीच. बाकीचे लेखक नायिकांना अजून गजरेच माळतायत.

१६ नोव्हेंबर

कथा झाली. एका बैठकीत. विरामचिन्हं जवळजवळ नाहीतच.

२० नोव्हेंबर

ठमीचा खटला सेशन कोर्टाला सोपवला. साहेब म्हणाले, कबुलीच आहे, अलिबागला फारसं काम उरलं नाही. कथा पुण्याच्या मासिकाकडे धाडली.

४ डिसेंबर

 आजचं आजच लिहितो.

दुपारी ठमीची बहीण मंगळी पायरीशी आली. मोळी उतरवली, बसली. "ठमी कवा सुटंल?"

आमचा शिपाई विठू — त्याला तोंड आवरत नाही. "तुझा नवरा कुटं गं मंगळे? त्याला पाठवायचा ना चौकशीला."

"त्याला टाकला म्या. नुसता पिऊन पडायचा."

"आन् त्याच्या आधीचा?"

"तो बी टाकला. तुजी बायको कवा टाकनार रं तुला?"

सगळे हसले. मीपण हसलो. मग विचारलं,

"मंगळे, ठमीनं…?"

"तिनं येकच टाकला. पोशा. तिला कुटं हौस!"

टाकला! म्हणजे सोडला. काडीमोड. आमच्या घरांत पुरुष बायका टाकतात. बाईही नवरा टाकते, हे मला सुचलंच नाही. बी.ए.! मामलेदार विचारतात कड्याचं, ती सांगते काडीमोडाचं — आणि मी ते कड्याशी नेऊन जोडलं. वाचून दाखवलं तेव्हा ती मान हलवेल नाही तर काय? खरंच होतं ना ते!

५ डिसेंबर

साहेबांना सांगितलं. आधी हसले — "नवरा कोण टाकतं हो, बी.ए.?" मग हसले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले,

"इथं मी पोलिसांचे कागद बघतो, मामलेदारांपुढं उभा राहतो. खून सेशनला जातो. तिथं अलिबागचे मोठे सरकारी वकील. खटला काढून घेणं त्यांच्या हातात, माझ्या नाही."

"मग त्यांना लिहा ना साहेब."

"काय लिहू? माझ्या कारकुनाला महिन्यानं शब्द कळला? ऐका. माणसं लटकवणं हे सरकारी वकिलाचं काम नव्हे. खरं असेल ते तिच्या बाजूचं असलं तरी कोर्टापुढं ठेवायचं. पण ठेवायला कागद लागतो. कच्चा खर्डा कुठाय?"

"हरवला," म्हणालो.

पटकन म्हणालो.

७ डिसेंबर

काही नाही. जेवलो नाही.

९ डिसेंबर

पुण्याहून पत्र. कथा घेतली! "पहिलंच वाक्य अंगावर येतं," लिहिलंय संपादकांनी.

पत्र घडी करून ठेवलं. कुठं ठेवलं आठवत नाही.

११ डिसेंबर

मंगळी पुन्हा आली. आज मोळी नव्हती, नुसती ठमीसाठीच आली होती. "लिवनारं तुमीच ना? मंग पुसा की."

पुसा. तिला विचारा म्हणाली, की खोडून टाका म्हणाली? मी विचारलं नाही. तेव्हा ठमीलाही नाही. एक प्रश्न — कधी टाकलास गं? बस.

सुनावणी सतराला.

१२ डिसेंबर

खर्डा हरवलेला नाही. याच वहीत आहे, महिन्यामागच्या पानाशी टाचलेला. वाक्यासाठी ठेवला होता. आज उघडला.

तिचे शब्द, जसेच्या तसे: "मला काय ठावं? मागल्या शिमग्याला म्याच टाकला त्याला. तवापून तो तिकडं, मी हिकडं."

पोशा मेला दिवाळीत.

'मला काय ठावं'वर काट. 'मागल्या शिमग्याला'वर काट. पुढच्या सगळ्यावर काट. शाई माझी. समासात बारीक अक्षरात, तेही माझंच — "वाक्याची लय बिघडते."

म्हणजे शब्द कळला नाही, एवढंच नव्हतं. कळायला लागणारं सगळं तिनं सांगितलं होतं. ते नको होतं मला!

नुसता खर्डा दिला तर म्हणतील मागाहून बनवला. वहीसकट द्यायला हवा. वहीत सगळंच आहे. "वाक्य मिळालं!" तेही. "हरवला" तेही. नोकरी जाईल. कदाचित खटला माझ्यावरच होईल.

पुण्याला तार केली — कथा छापू नका.

१३ डिसेंबर, खोपोली

पेणची मोटार लागली आहे. तिथून अलिबाग, मोठ्या सरकारी वकिलांकडे. वही आता फडक्यात बांधतो.

साहेब, पहिल्या पानापासून वाचा. यात काही आवळलेलं नाही.