जखऱ्याचं अर्धं आख्यान

चिंचवस्ती, ता. पाथर्डी
मंगळवार, १० डिसेंबर १९९६

प्रिय विजयमालाताईस,

बनूचा प्रभूच्या नावाने प्रेमाचा सलाम. दाजींना सलाम, मुलांना गोड पापा. तुम्हा पारनेरकरांचं बरं चाललं असेल. आमचं इकडे देवाच्या दयेने ठीक आहे.

थंडी मनस्वी पडलीय. विहिरीने तळ गाठला, तरी ज्वारी अजून तग धरून आहे. दिवाळी झाली तशी निम्मी वस्ती कोयते बांधून ऊसतोडीला गेली. देवळात आता म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली लेकरं, एवढीच मंडळी उरलीय. आमची दीपा सहामाहीत वर्गात तिसरी आली. शेळीला जुळी करडं झाली.

यांची तब्येत बरी आहे. गळ्याची जखम भरली. डॉक्टरांनी कंठच काढून घेतल्यावर आवाज परत यायचा प्रश्न नाही, हे तुला ठाऊकच आहे. मशीनवर बसतात, शिलाई करतात. बोलायचं असलं की दीपाच्या जुन्या पाटीवर लिहितात.

आणि एक बातमी. हसू नकोस. रविवारी मी कीर्तन केलं.

त्याचं असं झालं. मागल्या आठवड्यात पाळकसाहेब घरी आले. म्हणाले, नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला, यंदा श्रीमंतबुवांचं कीर्तन नाही म्हणून मंडळी हिरमुसलीय, बाई, तुम्हीच का उभ्या राहत नाही? मी हसण्यावारी नेलं. वीस वर्षं मी यांच्या मागे बसून पेटी वाजवली. पुढे उभं राहणं आपलं काम आहे का? तर यांनी काजं करता करता पाटी ओढली आणि लिहिलं, 'करू दे.' झालं. घोड्यावर बसवली मला.

आख्यान जखऱ्याचंच घेतलं. नाताळाच्या आधी हे दरवर्षी तेच घ्यायचे, आणि मला तेवढंच तोंडपाठ आहे. तबल्याला शेजारचा गहिनीनाथ होता. तो आपल्या मंडळीतला नाही, पण यांच्या कीर्तनाला कधी चुकत नाही. पेटीला कोणी नव्हतं. पेटीवाली पुढे उभी ना! कीर्तन बरं झालं. उशीर झाला म्हणून थोडं आधी आटोपलं, एवढंच.

ताई, तुला एक विचारते. देवाचं पाचारण ओळखायचं कसं? यांचं सोपं होतं. नागापूरच्या कारखान्यात होते तेव्हा एका दुपारी डबा खाता खाता देवाने हाक मारली असं यांना वाटलं, आणि हे उठून घरी आले. सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं, पण यांना शंका म्हणून नाही. मला तर पाळकसाहेबांनी चहा पिता पिता सांगितलं. हाक म्हणतात ती हीच का? का नुसती पेटीवाली फुकट मिळाली म्हणून? मला काही उमजेना. तू रविवारच्या शब्बाथशाळेत एवढी वर्षं शिकवलंस, तू सांग.

यांचा तुम्हा सर्वांना सलाम.

तुझी धाकटी,
बनू


चिंचवस्ती
बुधवार, १८ डिसेंबर १९९६

प्रिय ताईस,

तुझं पत्र मिळालं. लहानपणापासून तुझे डोळे असेच आहेत. शेळीचं लिहिलंस, ज्वारीचं लिहिलंस, कीर्तन ऐकून श्रीमंतराव काय म्हणाले ते का नाही लिहिलंस, असं विचारलंस. पत्र वाचून मी चुलीपाशी बसून रडले. भाकरी करपली.

आता ऐक. कीर्तन आटोपलं नव्हतं, मोडलं होतं.

जखऱ्याची गोष्ट तुला माहीत आहे. म्हातारा याजक मंदिरात धूप जाळायला जातो. देवदूत म्हणतो, तुला मुलगा होईल. याचा विश्वास बसत नाही, म्हणून त्याची वाचा बंद होते. बाहेर लोक वाट बघताहेत आणि हा आपला नुसत्या खुणा करत बाहेर येतो. त्या खुणा हे किती झकास करायचे, आठवतं? हात गळ्याशी, तोंड उघडं, डोळे मोठे, मग बोटाने हवेत लिहायचं. लेकरं हसून हसून लोळायची. तूसुद्धा हसली होतीस, दीपाच्या बारशाच्या वर्षी.

मी त्या खुणा केल्या, ताई. जशाच्या तशा. वीस वर्षं मागून बघितलेल्या. लेकरं हसली, गहिनीनाथाने तबल्यावर थाप दिली, मला आणखी जोर चढला, मी पुन्हा केल्या. मग हसणं एकाएकी थांबलं. बघते तर सगळी मंडळी मान वळवून यांच्याकडे बघतेय. हे पहिल्याच सतरंजीवर बसलेले, मांडीवर पाटी. आणि मी नुकतंच मोठ्याने सांगितलं होतं की अविश्वासामुळे देवाने त्याची वाचा घेतली.

हे उठले. पाटी खाली ठेवली आणि बाहेर गेले. मला पुढचा एक शब्द आठवेना. पाळकसाहेबांनी घाईघाईने आशीर्वाद देऊन उपासना संपवली. बाहेर आक्काबाई म्हातारीने माझा हात धरला. म्हणाली, "लई ग्वाड गायलीस गं. त्येंच्या मनाला लागलं आसंल, पर तुजं ध्यान न्हवतं, व्हय ना?"

मी हो म्हटलं. पण ध्यान कुठे होतं ते तिला सांगितलं नाही. तुला सांगते. मला फार आनंद झाला होता. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझा आवाज देवळाच्या पत्र्यापर्यंत पोचत होता. या घरात मुकं माणूस आहे हे मी तेवढा वेळ साफ विसरले. सहा महिने दवाखाना, नळ्या, बोळे, रात्रंदिवस त्यांच्या गळ्याकडे बघणं, आणि त्या तासाभरात मला त्यांची आठवणसुद्धा झाली नाही. देवाचं काम करताना एवढा आनंद व्हावा, आणि त्यात नवऱ्याचा असा जीव दुखावा? मग ते काम देवाचं कसं?

मोशे म्हणाला, मी जड जिभेचा, तर देवाने त्याच्या वतीने बोलायला त्याचा भाऊ अहरोन दिला. पाळकसाहेब म्हणतात तुम्ही बुवांच्या अहरोन आहात. मला मात्र वाटतं, मी यांच्या ताटातलं उचलून खाल्लं. आणि देवाचा राग येतो तो वेगळाच. गावात शिव्या देणारे गळे काय कमी होते? बरोबर हाच गळा सापडला त्याला? असं लिहिणं पाप असेल तर असू दे, तुला नाही तर कोणाला लिहू?

घरी आल्यापासून यांनी पाटी हातात घेतली नाही. दीपाच्या दप्तरात घालून टाकली. मुक्या माणसाने अबोला धरला म्हणजे काय असतं, ते तुला सांगून कळायचं नाही. चहा ठेवला तर पितात. मी समोर रडले तर मशीन चालवतात. मागच्या पत्रात यांचा सलाम लिहिला होता ना, तो मीच घातला होता.

काल पाळकसाहेब परत आले. म्हणाले, घेतलेलं आख्यान मंडळीपुढे अर्धं ठेवू नये, येत्या रविवारी पुरं करा. मी स्वयंपाकघरातूनच नाही म्हणून सांगितलं. मला कोणाची हाक आलेली नाही, माझी पेटीही विकून टाका म्हटलं. तेवढ्यात मशीन थांबलं. यांनी लाकडावर कात्री आपटली. मी बाहेर आले. गहिनीनाथाच्या जाकिटाचं काळं कापड पुढे पसरलेलं होतं. पाटी दीपाबरोबर शाळेत. यांनी बेतायचा खडू घेतला आणि त्या कापडावर लिहिलं, 'आख्यान पुरं कर.'

मी म्हटलं, "तुमच्यासमोर मी शेवट कसा सांगू? त्याची जीभ मोकळी झाली, तो बोलायला लागला, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

यांनी ते तळहाताने पुसलं आणि लिहिलं, 'आहे तसा.'

एवढंच. पाळकसाहेब चहा न घेता गेले. राग गेला का, माफी दिली का, का मला धडा शिकवायचाय, काही कळायला मार्ग नाही. विचारलं तर मान खाली घालून पुन्हा शिवायला लागले. ताई, रविवारी माझ्यासाठी प्रार्थना कर. काय मागायचं ते मला सांगता येत नाही. तूच बघ.

यांचा सलाम लिहीत नाही. खोटं नको.

बनू


चिंचवस्ती
सोमवार, २३ डिसेंबर १९९६

प्रिय ताईस,

नाताळाच्या आत हे पत्र पोचेल असं वाटत नाही, तरी लिहिते. करंज्या अर्ध्या टाकून बसलेय.

काल उभी राहिले. हे पहिल्याच सतरंजीवर, तिथेच. पाटी मात्र घरी ठेवून आले होते, रिकाम्या हाताने. मी मनाशी ठरवलं होतं की खुणांची जागा आली की एका वाक्यात उरकायची. देवदूत झाला, धूप झाला, जखऱ्या मंदिराच्या दारात आला. मी म्हटलं, "त्याला बोलता येईना," आणि पुढचं पद धरायला गेले. सूर लागेना. गहिनीनाथ नुसता ठेका धरून माझ्याकडे बघत राहिला. लेकरंसुद्धा गप्प बसली होती. त्यांना कोणीतरी घरून दम दिला असणार.

आणि हे उठले. मला वाटलं, पुन्हा चालले.

हे गेले नाहीत, ताई. पुढे आले, माझ्या शेजारी उभे राहिले, मंडळीकडे तोंड केलं, आणि हात गळ्याशी नेला. गळ्याला ते भोक आहे ना, त्यावर पांढरं फडकं बांधलेलं, त्याच्यावरच हात. तोंड उघडलं, डोळे मोठे केले आणि हवेत लिहायला लागले. अगदी जुन्यासारखं. कोणी हसेना. हे थांबले, लेकरांकडे बघितलं, कमरेवर हात ठेवले. हसायच्या जागी पोरं हसली नाहीत की पूर्वी असेच रागवायचे. मग पुन्हा केलं. मागून एक पोरगं फिसकन हसलं, आणि मग सगळं देऊळ हसलं. आक्काबाईने पदर तोंडाला लावला होता, ती हसत होती का रडत होती ते देवाला माहीत. हेही हसत होते. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते.

मग बोटाने मला खूण केली, चल, पुढे.

मी शेवट सांगितला. आहे तसा. त्याच्या बायकोला, अलिशिबेला, मुलगा झाला, जखऱ्याने पाटी मागवून त्याचं नाव लिहिलं, त्याची जीभ मोकळी झाली आणि तो देवाचा धन्यवाद करू लागला. त्यावर यांनी स्वतः रचलेलं पद आहे, 'उघड माझी वाचा देवा, गाईन तुझा उपकार.' ते मी म्हटलं. हे शेजारीच उभे होते, खाली बसलेच नाहीत. मांडीवर ताल धरला होता, आणि मी घाई केली की चापट जोरात मारायचे. दुसऱ्या कडव्याला मी सहज बाजूला बघितलं. यांचे ओठ हलत होते. शब्द न् शब्द, जिथे यांची दमाची जागा तिथेच दम. ओठ यांचे हलत होते आणि आवाज माझा निघत होता.

तो कोणाचा आवाज होता, ताई? जखऱ्याला त्याचा आवाज परत मिळाला, यांना मिळणार नाही. शेवट आहे तसा सांगितला, तरी आमच्या घरात तो तसा झालेला नाही. आणि तरीही काल मला कुठे खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. हे कसं, ते मला कळत नाही. हाक आली का, तेही अजून कळत नाही. पाळकसाहेब म्हणतात, इस्टरच्या आधीच्या उपासकाळात पुन्हा उभे राहा, या वेळी दोघं. मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे.

घरी आल्यावर यांनी दीपाच्या दप्तरातून पाटी काढली. मला वाटलं आता काहीतरी मोठं लिहितील. लिहिलं, 'तिसऱ्या पदात सूर चढला. पेटी लागेल. मी शिकतो.' पंधरा दिवसांनी नवरा पाटीवर बोलला, आणि तेही चूक काढायला. मी भांडले. एवढं बरं वाटलं भांडून.

गहिनीनाथ जाकीट घेऊन गेला. खडूचा डाग निघेना म्हणून कुरकुरत होता.

हे पत्र लिहिताना हे शेजारी बसलेत. पाटी पुढे सरकवून मला दाखवताहेत. ताईला आणि दाजींना यांचा सलाम. या वेळी खरा आहे.

तुझी
बनू