लिस्पचा दुभाषी आणि घरातला अबोला

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे माझी तब्येत ठणठणीत, उत्साह उतू चाललेला, आणि तुमचे बंधुराज तीन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. का, ते सविस्तर लिहिते.

निवृत्तीनंतर मी लिस्प शिकतेय, हे तुम्हांला ठाऊक आहेच. (तुम्ही विचारलं होतंत, कुठल्या देशात बोलतात? संगणकाची भाषा आहे, वन्सं.) आता तर ती समजून तसं करून दाखवणारा दुभाषी, म्हणजे इंटरप्रिटर, मी स्वतः बांधतेय! लिस्पमध्ये सगळं कंसात, कंसाच्या पोटात आणखी कंस. (बत्तीस वर्षं कचेरीत टायपिंग केलं, पण एवढे कंस बोटांखालून गेले नव्हते.) माझा दुभाषी आधी आतला कंस सोडवतो, मग बाहेरचा. मंगळवारी सकाळी त्याला विचारलं, दोन अधिक तीन, त्याला गुणिले चार. त्यानं वीस सांगितले! मी अशी किंचाळले की खालचे दंतवैद्य पेशंटला आ वासलेलं सोडून वर धावले. “काय झालं?” “वीस आले!” “कोण वीस?” म्हणत त्यांनी माझ्या मागे डोकावून पाहिलं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मी त्याला पुढचं काम दिलं: संख्येतून एक वजा कर, आणि पुन्हा हेच कर. शून्य आलं की थांब, हे सांगायचं राहिलं. बिचारा शून्याखाली उतरला तो उतरतच गेला. पंखा घरघरला, पडदा थिजला. घाबरून मी संगणक बंद करायचं बटणच दाबलं. त्याच संगणकावर यांचं भाषांतर उघडं होतं, पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका, दुपारी द्यायची. हे आंघोळीहून आले.

“सेव्ह केलंस ना?”

“तुम्ही?”

अकरा पानं गेली. मग हे सांगत गेले, मी टाइप करत गेले, आणि पावणेतीनला काम पोचलं. त्या चार तासांत हे फक्त पंपाविषयी बोलले. त्यानंतर तेही नाही.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. आता मला कंपायलर बांधायचाय. दुभाषी जागच्या जागी करून दाखवतो, कंपायलर अख्खा मजकूर आधीच यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवतो. तुमच्या कपाटातला जुना लॅपटॉप मिळेल का?

ता. क. दुसरा. वरचं यांनी आत्ताच खांद्यावरून वाचलं. “अख्खं भाषांतर करणारा बांधतेयस, आणि घरातल्या भाषांतरकाराला विचारलंही नाहीस?” राग पानांचा नव्हताच, वन्सं! खुर्ची ओढून संगणकापुढे बसलेत. लॅपटॉप ताबडतोब पाठवा. इथे आता मला बसायला मिळत नाही.